तीन कण सोनं

"स्टेपनी कुठाय?"

व्हाइटहॉर्सला उतरल्यावर आमच्या ह्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. समोर गाडीची किल्ली घेऊन उभी असलेली पोरगी विशी-बाविशीची, हसतमुख, पण शब्द काही तिच्या डोक्यात शिरेना. स्टेपनी हा शब्द आपण इंग्रजी समजून वापरतो आणि कॅनडात तो कुणालाच कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. शेवटी हे तिथेच उकिडवे बसले, गाडीच्या पोटाखाली मान घातली आणि वर टांगलेलं चाक हातानं थोपटून दाखवलं. पूर्ण मापाचं होतं. "बारकं कामचलाऊ चाक असतं तर ही गाडीच घेतली नसती," असं मला मराठीत सांगून झालं. चौतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. त्यांच्या लेखी जगात गाड्या दोनच प्रकारच्या, स्टेपनी असलेल्या आणि वाटेत उभ्या राहिलेल्या.

आमची लेक व्हँकुव्हरला असते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही सहा महिने गेलो होतो. बाळ तीन महिन्यांचं झालं, घडी बसली, तेव्हा जावई म्हणाले, आता तुम्ही दोघं कुठेतरी फिरून या. त्यांनी बॅन्फ सुचवलं, नायगारा सुचवला. मी म्हटलं, क्लोंडाइक. घरात शांतता पसरली. लेकीनं मोबाइलवर नकाशा उघडला, बोटानं वर सरकवत सरकवत पार टोकाला नेला आणि म्हणाली, "आई, तिथे काय आहे?"

तिथे काय आहे ते मला तरी कुठे नीट ठाऊक होतं. माझे वडील सोनार. कोल्हापूरच्या गुजरीत त्यांचं दुकान, आता धाकटा भाऊ बसतो. लहानपणी एकदा दूरदर्शनवर क्लोंडाइकमधल्या सोन्याच्या धुमाळीवरचा चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' लागला होता. बूट उकडून खायच्या प्रसंगाला अख्खी चाळ हसत होती. वडील मात्र सुरुवातीच्याच दृश्यात अडकले होते. बर्फाच्या डोंगरावर मुंग्यांसारखी चढणारी माणसांची काळी रांग. चित्रपट संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पण सोनं किती कसाचं होतं तिथलं?" त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पुढे वडील गेले, प्रश्न माझ्याकडे राहिला.

क्लोंडाइक आहे ते युकॉनमध्ये. युकॉन म्हणजे आपल्या दीड महाराष्ट्राएवढा मुलूख आणि माणसं पंचेचाळीस हजारांच्या आसपास. त्यातली बहुतेक एकट्या व्हाइटहॉर्समध्ये. गावाचं नाव तिथल्या नदीच्या खळाळावरून पडलं. फेसाळणारं पाणी पांढऱ्या घोड्यांच्या आयाळीसारखं दिसायचं म्हणे. १९५८ साली धरण झालं आणि ते घोडे पाण्याखाली गेले. नाव उरलं. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांची नावं अशीच नव्या वसाहतींच्या पाट्यांवर उरतात.

उत्तरेला निघण्याआधी एक दिवस आम्ही उलट, दक्षिणेला सत्तर किलोमीटरवरच्या कारक्रॉसला गेलो. बेनेट नावाच्या लांबलचक तळ्याच्या टोकाशी वसलेलं चिमुकलं गाव. क्लोंडाइकची गोष्ट जिथून सुरू होते, ती माणसं या गावची. स्कूकम जिम, त्याचा भाचा डॉसन चार्ली, जिमची बहीण केट आणि तिचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. जिमचं खरं नाव कैश, केटचं शाव त्ला. १६ ऑगस्ट १८९६ रोजी रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात त्यांना सोनं दिसलं. कुणाला आधी दिसलं यावर आजही एकमत नाही. कुणी जिम म्हणतात, कारमॅक म्हणायचा मी, आणि काहींच्या सांगण्यात केट भांडं धूत होती तेव्हा तिच्या हाताला पहिला कण लागला. शोध लावणाऱ्याचा मान, आणि त्याबरोबर मिळणारा जादा क्लेम, म्हणजे खणायच्या हक्काचा जमिनीचा तुकडा, कारमॅकच्या नावावर लागला, कारण आदिवासी माणसाच्या नावानं तो कुणी मान्य करेल याची खात्री नव्हती. सगळे श्रीमंत झाले. चार वर्षांत कारमॅकनं दुसरं लग्न केलं आणि केट इथे, या तळ्याच्या काठी, माघारी आली. १९२० मध्ये फ्लूच्या साथीत गेली. गावच्या दफनभूमीपर्यंत आम्ही गेलो, पण आत शिरलो नाही. लोकांच्या घरची जागा ती.

तळ्यावर गार वारं सुटलं होतं. काठावर पांढरी बारीक वाळू, आणि समोर दोन्ही बाजूंनी डोंगर पाण्यात उतरलेले. २९ मे १८९८ ला या तळ्याचा बर्फ फुटला आणि मागे हिवाळाभर अडकून पडलेली सात हजारांवर होडकी एकदम सुटली. त्यांतली कित्येक चालवणाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच बांधलेली. हे सगळे कारकून, शिक्षक, न्हावी, शेतकरी. जुलै १८९७ मध्ये सोन्यानं भरलेल्या पेट्या घेऊन दोन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली, वर्तमानपत्रांनी ढोल वाजवले आणि सुमारे एक लाख माणसं घरदार सोडून निघाली. पोचली तीस-चाळीस हजार. वाटेत चिलकूट नावाची खिंड होती, चॅप्लिनच्या चित्रपटातली ती काळी रांग तिथलीच. बर्फात खोदलेल्या पायऱ्या, एकामागे एक माणूस, मध्येच थांबलात तर पुन्हा रांगेत शिरायला अर्धा दिवस. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस बसलेले. वर्षभराचा शिधा जवळ असल्याशिवाय ते पुढे सोडत नसत, कारण पलीकडे उपासमार ठरलेली. शिधा, तंबू, अवजारं मिळून माणशी एक टनाच्या घरात ओझं.

हे वाळूत बसून बोटांवर हिशेब करायला लागले. "पाठीवर पंचवीस किलो धर. म्हणजे छत्तीस-सदतीस खेपा. आणि तेवढ्याच वेळा रिकामं खाली यायचं." थोडं थांबून म्हणाले, "आपल्याकडे हमालांनी संप केला असता." शेजारच्या व्हाइट पास खिंडीतून घोडे जायचे, म्हणजे जायला लावायचे. तिथे तीन हजारांच्या आसपास जनावरं मेली. आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता, त्यामुळे त्या खिंडी ओलांडून पलीकडे स्कॅगवेला जाता आलं नाही. घोड्यांचा आकडा ऐकल्यावर मला फारशी हळहळही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा रस्ता धरला. व्हाइटहॉर्स ते डॉसन, साधारण ५३० किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर-मुंबईच्या पुढे आणखी दीडशे, आणि मध्ये गावं म्हणावीत अशी दोनच, कारमॅक्स आणि पेली क्रॉसिंग. ह्यांनी प्रत्येक पंपावर थांबून टाकी काठोकाठ भरली, जिथे पाऊण टाकी होती तिथेसुद्धा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काटकुळे स्प्रूस, जळून गेलेल्या जंगलांचे काळे खांब, आणि त्यांच्या पायाशी फायरवीड. या प्रदेशाचं हे मानाचं फूल. जांभळ्या-गुलाबी तुऱ्याची फुलं खालून वर उमलत जातात. शेंड्याचं फूल उमललं की उन्हाळा संपला, असं इथे मानतात. आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होतो. तुऱ्यांचा कापूस झाला होता.

माझ्या मांडीवर शालीत गुंडाळलेली स्टीलची डबी होती. तिच्यात विरजण. लेकीकडे लावलेल्या दह्यातलं चार चमचे मी बरोबर घेतलं होतं, कारण दहा दिवस दह्यावाचून हे राहू शकतात, मी नाही. रोज मुक्कामाला दूध आणायचं, कोमट करायचं, हीटरशेजारी ठेवायचं. हे आधी हसले, मग डबी मांडीवर नसली की तेच विचारायला लागले, "विरजण घेतलंस ना?"

वाटेत लबार्ज तळं लागलं. रॉबर्ट सर्व्हिस नावाच्या कवीनं या तळ्याच्या काठी एका गोठून मेलेल्या माणसाला जहाजाच्या भट्टीत जाळल्याची गमतीशीर भीषण कविता लिहिली, १९०७ साली. सर्व्हिस बँकेत कारकून होता. सोन्याची धुमाळी संपल्यावर इकडे आला, आणि क्लोंडाइकच्या कविता लिहून गाजला तेव्हा त्यानं डॉसन पाहिलंसुद्धा नव्हतं. खाणीत न उतरता क्लोंडाइकमधून पैसा काढणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा. कारमॅक्सच्या पुढे पाच बोटांचा खळाळ आहे, फाइव्ह फिंगर. नदीच्या मधोमध चार खडक उभे, पाण्याचे पाच प्रवाह. दोनशेहून अधिक लाकडी पायऱ्या उतरून आम्ही काठाशी गेलो. उतरताना मी पुढे, चढताना हे पुढे. वर आल्यावर भडंग आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथल्या पाटीवर अस्वलांची सूचना होती, म्हणून पुडीचे कागद ह्यांनी दोनदा मोजून पिशवीत घातले.

डॉसन जवळ आलं हे पाटीआधी जमिनीनं सांगितलं. क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात शिरलो आणि रस्त्याच्या बाजूला गोट्यांचे ढीग सुरू झाले. साधे ढीग नव्हेत. एकाला एक जोडलेल्या, वळत वळत जाणाऱ्या रांगा, मैलोन् मैल. पावसाळ्यात अंगणात गांडूळ माती वर टाकतं, तसे वेटोळे, फक्त गांडूळ चार मजली हवं. "हे काय आहे हो?" मी विचारलं. हे गाडी हळू करत म्हणाले, "कुणीतरी नदी उलटी केलेली दिसतीय."

डॉसनचे रस्ते आजही मातीचे आहेत, कडेनं लाकडी फळ्यांचे फुटपाथ. १८९८ च्या उन्हाळ्यात इथे तीसएक हजार माणसं होती, आज दीड हजारांच्या थोडी वर. जमिनीखाली कायमचा गोठलेला थर आहे. वर घर बांधून आत शेगडी पेटवली की ऊब खाली उतरते, बर्फ वितळतो आणि घर कलतं. तिसऱ्या रस्त्यावर दोन जुन्या इमारती अशा एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या आहेत. ह्यांनी त्यांचा फोटो काढला आणि मला म्हणाले, "आपण दोघं." छत्तीस वर्षांत ह्यांनी केलेली ही प्रेमाची एवढीच जाहीर कबुली, म्हणून इथे नोंदवून ठेवते. इथल्या एका हॉटेलात माणसाच्या पायाचं सुकवलेलं बोट दारूच्या पेल्यात घालून देतात आणि ते ओठांना लागलं की प्रमाणपत्र मिळतं. १९७३ पासूनची प्रथा. आमचे हे माळकरी. दारात उभं राहून दर्शन घेतलं, तेवढं पुरे झालं.

मुक्कामाच्या जागी मालकीणबाईंनी माझी शालीतली डबी पाहिली. काय आहे विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, जुन्या दह्यातून नवं दही. बाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी स्वयंपाकघरात नेलं आणि फडक्यानं झाकलेली बरणी उघडली. आत आंबवलेलं पीठ, बुडबुडे येत असलेलं. सावरडो. जुने खाणवाले हे पीठ चामड्याच्या थैलीत घालून अंगाशी बांधत, रात्री कुशीत घेऊन झोपत, गोठून मरू नये म्हणून. म्हणून इथला हिवाळा काढलेल्या माणसालाच सावरडो म्हणतात. नवख्याला चिचाको. आम्ही दोघं चिचाको, पण माझं विरजण सावरडो ठरलं. सकाळी त्यांनी आम्हाला त्या पिठाचे धिरडेवजा केक घातले, रात्री मी कढी केली. त्यांनी ती दोनदा घेतली. हे सांगायला नको होतं, पण राहवलं नाही.

आता सोनं. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला डॉसनमध्ये मिळालं. क्लोंडाइकच्या सोन्यात चांदी बरीच मिसळलेली असते, त्यामुळे रंग फिका. गावात तेव्हा नोटा-नाण्यांची टंचाई, सगळा व्यवहार सोन्याच्या भुकटीत. शुद्ध सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर, पण दुकानात भुकटी १६ डॉलरनं धरायचे. प्रत्येक काउंटरवर तराजू. वजन करताना थोडी भुकटी सांडायची, थोडी सांडवली जायची. मग पोरं सलूनच्या फळ्यांखालचा भुसा आणि माती काढून धुवायची, त्यातूनही पोट भरण्याइतकं सोनं निघायचं.

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे डॉसन पुसलं जाऊन गुजरी उभी राहिली. पहाटे दुकानं उघडायच्या आधी झारेकरणी यायच्या. गटाराच्या कडेला बसून ब्रशनं फटींतली माती काढायच्या, पाटीत भरून नळावर किंवा नदीवर न्यायच्या. पाणी घालून पाटी अशी फिरवायची की माती निघून जावी आणि जड ते तळाशी राहावं. आमच्या दुकानातला केरसुद्धा आम्ही कधी फेकला नाही. पोत्यात साठवायचा, वर्षाकाठी झारेकऱ्याला विकायचा. वडील सांगायचे, कानस मारताना उडालेला कण कुठे जात नाही, फक्त मालक बदलतो.

रॅबिट क्रीकचं नाव नंतर बोनान्झा झालं. त्या ओढ्यावर सहा नंबरचा क्लेम कुणालाही फुकट सोनं धुण्यासाठी खुला ठेवला आहे. मालकीणबाईंनी परात दिली, गमबूट दिले. पाणी इतकं गार की पाच मिनिटांत बोटं आपली वाटेनात. शेजारी एक जर्मन जोडपं होतं, ते परात गोल गोल गरगरवत होते, तांदूळ पाखडल्यासारखे. मी झारेकरणींना आठवलं. परात थोडी कलती, मनगट सैल, आधी हलवून जड खाली बसू द्यायचं, मग कडेवरून पाण्याच्या लाटेनं हलकं वाहून जाऊ द्यायचं. पन्नास वर्षांपूर्वी गुजरीत नुसतं बघितलेलं हातांना अजून आठवत होतं, त्याचं मलाच नवल वाटलं. हे काठावर बसून नेहमीप्रमाणे तपासणी करत होते. "अगं, सावकाश. घाई नाहीये आपल्याला."

हे सोनं इथे टिकलं त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. कॅनडाचा बहुतेक भाग हिमयुगात बर्फाच्या थराखाली होता आणि त्या बर्फानं नद्यांची जुनी वाळू खरवडून नेली. डॉसनभोवतीचा मुलूख मात्र त्यातून सुटला. लाखो वर्षं डोंगरातून झिजून आलेलं जड सोनं ओढ्यांच्या तळाशी, खडकाला लागून बसून राहिलं. पण त्यावर पंधरा-वीस फूट गोठलेली माती. म्हणून खाणवाले हिवाळ्यात काम करत. रात्री खड्ड्यात लाकडं पेटवायची, सकाळी राख आणि सुटलेली माती काढायची, पुन्हा जाळ. दिवसाला जेमतेम फूटभर. खालची सोन्याची माती वर ढीग करून ठेवायची, वसंतात ओढे वाहायला लागले की लाकडी पन्हळीतून धुवायची. तोवर त्या ढिगात लाख आहे की राख, कुणालाच ठाऊक नसायचं. आणि बहुतेक लोक १८९८ मध्ये पोचले तेव्हा चांगले ओढे दोन वर्षांपूर्वीच वाटून झाले होते. एक टन ओझं छत्तीस खेपांनी वाहून आणलेली माणसं डॉसनच्या रस्त्यांवर नुसती फिरत असत म्हणे. काहींनी ओढ्याकडे जायचीही तसदी घेतली नाही. १८९९ मध्ये अलास्कात नोमला सोनं सापडल्याची बातमी आली आणि गाव रिकामं झालं.

त्यापेक्षा बेलिंडा मल्रूनी शहाणी. ती सोनं शोधायला आलीच नाही, सोनं शोधणाऱ्यांना विकायला कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन आली. पोचल्यावर खिशातलं शेवटचं नाणं तिनं नदीत भिरकावलं, आता पुन्हा चिल्लर लागणार नाही म्हणून. वर्षभरात तिचं हॉटेल उभं होतं. आमच्या सासूबाईंना ही बाई फार आवडली असती.

तीन तासांनी माझ्या परातीच्या खोबणीत तीन कण होते. टाचणीच्या टोकाहून बारीक. हे चष्मा काढून, पुन्हा लावून बघत राहिले. "किती गुंजा?" म्हणाले. मी म्हटलं, गुंजेचा शंभरावा भाग भरला तरी पुष्कळ. पाणी भरलेल्या काचेच्या छोट्या कुपीत ते सोडले. खाली जाताना एकदाच चमकले.

तिथून थोड्या अंतरावर ते गांडूळ उभं आहे. ड्रेज नंबर चार. आठ मजली उंच, लाकडी तळाचं, स्वतःच्याच डबक्यात तरंगणारं यंत्र. पुढून पोलादी बादल्यांच्या साखळीनं नदीचा तळ उकरायचं, पोटात धुवायचं, सोनं ठेवून घ्यायचं आणि मागून गोटे ओकत पुढे सरकायचं. डबकंही त्याच्याबरोबर सरकायचं. धुमाळीतली माणसं गेल्यावर कंपन्या आल्या आणि अशी दोन डझन यंत्रं या खोऱ्यांत फिरली. हे नंबर चार १९५९ पर्यंत चालू होतं. रस्त्यावरच्या त्या वेटोळ्यांचा उलगडा असा झाला. हे दीड तास आत होते. गिअर, साखळ्या, एकेका बादलीचं वजन. बाहेर आले तेव्हा चेहरा उजळलेला होता, आणि मग समोरच्या गोट्यांकडे बघून जरा गप्प झाले. "मशीन झकास आहे," म्हणाले, "पण मागं काहीच ठेवलं नाही गं यानं."

क्लोंडाइक हा शब्दच मुळात सोन्याचा नाही. त्रोंडेक म्हणजे हातोडीच्या दगडाचं पाणी. नदीच्या मुखाशी इथले मूळ रहिवासी सामन माशांसाठी बांध घालायचे, त्याच्या मेखा ठोकायला लागणारा दगड तो. परक्यांच्या जिभेवर त्याचं क्लोंडाइक झालं. त्या लोकांचं, त्रोंडेक ह्वेचिनांचं, केंद्र डॉसनमध्ये नदीकाठी आहे. धुमाळी सुरू झाली तेव्हा त्यांच्या मासेमारीच्या जागेवर रातोरात गोऱ्यांची वस्ती झाली. त्यांचा प्रमुख चीफ आयझॅक. त्यानं आपल्या माणसांना नदीच्या खालच्या अंगाला पाच किलोमीटरवर मूसहाइडला हलवलं. आणि त्यानं आणखी एक गोष्ट केली. या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे त्यानं ओळखलं आणि ती सगळी अलास्कातल्या नातलगांकडे नेऊन दिली. सांभाळा, म्हणाला. जवळजवळ शंभर वर्षांनी नातवंडं-पतवंडं तिकडे गेली आणि शिकून परत घेऊन आली.

केंद्रातल्या तरुण मुलीनं हे सांगितलं तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. वडिलांच्या दुकानात लोक दागिने ठेवायला आणून द्यायचे, पूर आला, भावकीत भांडण झालं, कुणी परगावी निघालं की. कापडात गाठ मारलेली पुरचुंडी. कागद नाही, पावती नाही. गाण्यांची अशी पुरचुंडी बांधून कुणी ठेवायला दिल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. २०२३ मध्ये युनेस्कोनं या परिसराला जागतिक वारसा म्हटलं, त्यात धुमाळीइतकंच या लोकांनी काय सोसलं तेही आहे. नदी मात्र त्यांच्यासाठी सध्या बंद आहे. युकॉनमधला मोठा सामन इतका कमी झाला की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्का दोघांनी सात वर्षं त्याची मासेमारी थांबवली. हातोडीचे दगड आहेत, बांध घालायला मासे नाहीत.

डॉसनहून चाळीस किलोमीटरवर डेम्पस्टर रस्ता फुटतो, तो ७३६ किलोमीटर जाऊन आर्क्टिकमध्ये इनूविकला पोचतो. जवळजवळ पूर्ण खडीचा. डांबर नाही, कारण खाली गोठलेली जमीन. खोदायचं नाही, वर खडीचा जाड थर टाकून जमीन थंड ठेवायची, अशी रचना. ह्यांना हे फार पटलं. आम्ही पहिल्या सत्तर किलोमीटरपर्यंतच जाणार होतो, टूम्बस्टोन डोंगर बघायला. झाडं संपली, आणि टुंड्रा सुरू झाला. गुडघ्याएवढी झुडपं लालभडक, मध्ये पिवळे पट्टे, त्यामागे काळे सुळके. मी आयुष्यात असा रंग मिरच्या वाळत घातलेल्या अंगणातच पाहिला होता.

परतताना धारदार खडीनं मागचं डावं चाक फाडलं. फट्ट असा आवाज, आणि गाडी लंगडायला लागली. हे खाली उतरले. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं, तर चेहऱ्यावर असं समाधान, जणू इतकी वर्षं ते या चाकाचीच वाट बघत होते. जॅक, पाना, गुडघ्याखाली माझी शाल. (विरजण मी हातात धरलं.) वीस मिनिटांत तीन गाड्या गेल्या, तिन्ही थांबल्या. तिसऱ्या ट्रकमधला दाढीवाला म्हातारा खाली उतरला, चाक लावताना बघत राहिला, मग मला म्हणाला, तुमच्या नवऱ्यानं हे काम आधी केलेलं दिसतंय. मी म्हटलं, फक्त चौतीस वर्षं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही नदीच्या धक्क्यावर बसलो. डॉसनला पूल नाही. उन्हाळ्यात फुकट फेरी गाड्या पलीकडे नेते, हिवाळ्यात बर्फावरूनच रस्ता. पाणी राखेच्या रंगाचं, आणि वेग असा की बोट सरळ न जाता वर तोंड करून आडवी सरकत जाते. दहा वाजता सूर्य मावळत होता. हे म्हणाले, पुन्हा यायचं का? मी म्हटलं, हिवाळ्यात येऊ, सावरडो होऊ. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी निघताना मालकीणबाईंना त्यांनी हिवाळ्यात टायरला साखळ्या लावतात का, हे विचारून घेतलं.

कोल्हापूरला आल्यावर मी ह्यांच्याबरोबर कुपी घेऊन गुजरीत गेले. भावानं पेढी आवरून बैठकीवर पांढरा कागद पसरला, डोळ्याला भिंग लावलं. कसोटीच्या दगडावर ओढ उमटावी एवढं सोनंच नव्हतं. तरी तो म्हणाला, रंग फिका आहे ताई, चांदी दिसतीय. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर असं पक्कं झालं. मग त्यानं नीट बघायला कुपी कागदावर उलटी केली. पाणी पसरलं, दोन कण कागदाला चिकटले, तिसरा कुठे दिसेना. आम्ही तिघं वाकून फरशी बघत होतो. हे मोबाइलचा उजेड पाडत म्हणाले, "अहो पाहुणे, पाच हजार कोस वाहून आणलंय ते."

"असू दे दाजी," भाऊ म्हणाला आणि केरसुणीनं जमीन झाडून केर कोपऱ्यातल्या पोत्यात टाकला. "झारेकरीण नेईल."